गर्भिणी-मधुमेह, आंत्रस्थ जिवाणू आणि ताक : एक पुनर्विचार

प्रस्तावना

आंत्रातील उपकारक जिवाणूंविषयी अलीकडे विपुल लिहिले जात आहे. प्रोबायोटिक या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल, पुड्या व पेये आता तालुक्याच्या औषधदुकानांतही सहज मिळतात आणि गर्भिणी स्त्रिया त्या वैद्यकीय सल्ल्यावाचूनही घेताना दिसतात. आपल्या व्यवसायबंधूंची यावरील प्रतिक्रिया बहुधा एकच असते : ‘यात नवे ते काय? आमच्या संहितांनी ताकाचे गुण केव्हाच सांगून ठेवले आहेत.’ हे उद्गार स्वाभाविक आहेत, काही अंशी सार्थही आहेत. परंतु गर्भिणीच्या मधुमेहासंबंधी हेच समीकरण आपण डोळे मिटून स्वीकारले, तर माता व गर्भ या दोघांचेही अहित होण्याचा संभव आहे. हा इशारा आम्ही इतरांना देत आहोत असे नव्हे. ही चूक प्रथम आमच्याच हातून घडली, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

एक रुग्णानुभव

सुमारे २८ वर्षे वयाची एक प्रथमगर्भिणी चौथ्या महिन्यात आमच्या चिकित्सालयात आली. अम्लोद्गार, मलावष्टंभ आणि अंगगौरव ही तिची लक्षणे. वडील मधुमेही होते. जिव्हा साम, अग्नी मंद. आम्ही लघु आहार व दोन्ही जेवणांनंतर जिरे-सैंधवयुक्त ताक सांगितले. घरच्यांनी एक प्रोबायोटिक कॅप्सूल आधीच सुरू केली होती, तीही चालू राहू दिली. पंधरा दिवसांत कोष्ठशुद्धी होऊ लागली, अन्न रुचू लागले, रुग्णा प्रसन्न झाली. पहिल्या तिमाहीतील उपाशीपोटीची रक्तशर्करा प्राकृत होती, त्यावर आम्ही विसंबलो. ग्लुकोज पाजून करावयाची तपासणी आम्ही सुचविली नाही.

ती तपासणी अठ्ठाविसाव्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे झाली, तेव्हा दोन तासांनंतरची शर्करा १७२ मिलिग्रॅम आली. दोन आठवड्यांच्या आहारनियंत्रणाने पुरेसा उतार न पडल्याने इन्सुलिन सुरू करावे लागले. बाळ ३.७ किलोग्रॅमचे जन्मले. जन्मानंतर त्याची रक्तशर्करा उतरल्याने दोन दिवस त्यास नवजात कक्षात ठेवावे लागले. माता व बालक दोघेही सुखरूप घरी गेले, हे आमचे भाग्य. परंतु लक्षणांचा उपशम झाला म्हणजे शर्करेचेही नियमन झाले, असे जे आम्ही मनोमन गृहीत धरले होते, ते सर्वथा चुकीचे होते. या अवस्थेत बहुतांश गर्भिणींना मधुमेहाचे एकही लक्षण जाणवत नाही.

जिवाणूंचा संबंध कसा व कितपत?

गर्भावस्थेच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या हार्मोनांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. गर्भास ग्लुकोजचा अखंड पुरवठा व्हावा, ही निसर्गाची योजना त्यामागे आहे. स्वादुपिंडाने अधिक इन्सुलिन निर्माण करून ही तूट भरून काढावयाची असते. ज्या स्त्रीस ते साधत नाही, तिची रक्तशर्करा वाढते. या प्रक्रियेत आंत्रस्थ जिवाणूंचाही वाटा असावा, असे मानण्यास काही सबळ कारणे आहेत. मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्नातील न पचलेल्या तंतूंपासून अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही लघु मेदाम्ले बनवितात. ती आंत्राच्या अंतःस्तराचे पोषण करतात आणि शर्करा-नियमनास साहाय्य करणाऱ्या आंत्रस्रावांना चालना देतात. उलटपक्षी, आंत्रस्तर दुर्बल झाल्यास काही जिवाणूंच्या आवरणातील द्रव्ये रक्तात झिरपून सौम्य परंतु दीर्घकालीन शोथ उत्पन्न करतात, आणि शोथाने इन्सुलिनचा प्रभाव आणखी घटतो.

सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिनलंडमधील ९१ गर्भिणींच्या मलाचे परीक्षण करण्यात आले. पहिल्या व तिसऱ्या तिमाहीतील जिवाणुसमूहांत लक्षणीय अंतर आढळले. तिसऱ्या तिमाहीतील मल जंतुविरहित उंदरांत संक्रमित केला असता त्या उंदरांत मेदवृद्धी, शोथ व इन्सुलिनविषयक मंदता अधिक दिसली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत दर आठवड्यास नमुने घेऊन केलेल्या अभ्यासात मात्र गर्भावस्थेत जिवाणुसमूह बव्हंशी स्थिर राहिल्याचे दिसले. २०२३ मध्ये इस्रायलमधील ३९४ गर्भिणींच्या अभ्यासात, ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांच्यात पहिल्या तिमाहीतच शोथदर्शक द्रव्ये वाढलेली व लघु मेदाम्ले घटलेली आढळली. त्यांचा मल उंदरांत संक्रमित केला असता तशीच विकृती काही अंशी उमटली.

यावरून इतके निश्चित म्हणता येईल की, विकृतीचे बीज निदानाच्या कित्येक आठवडे आधी रुजलेले असू शकते आणि त्यात आंत्राचा संबंध आहे. परंतु संबंध असणे ही एक गोष्ट आणि बाहेरून जिवाणू दिल्याने रोग टळणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर न ओळखल्यानेच पुढील सारा गोंधळ माजला आहे.

प्रोबायोटिकांची परीक्षा

आशेचा आरंभ फिनलंडमधील तुर्कू येथील २०१० च्या अभ्यासाने झाला. २५६ गर्भिणींचे तीन गट केले होते. एका गटास आहारविषयक सल्ला व लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस बीबी-१२ हे दोन जिवाणू, दुसऱ्यास सल्ला व प्लासिबो, म्हणजे औषधविरहित कॅप्सूल, आणि तिसऱ्यास केवळ प्लासिबो. गर्भिणी-मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटात १३ टक्के, तर इतर दोन गटांत अनुक्रमे ३६ व ३४ टक्के आढळले. एवढा मोठा फरक पाहून जगभरच्या संशोधकांचे लक्ष इकडे वेधले जाणे साहजिक होते.

परंतु पुढील परीक्षांनी ही आशा टिकू दिली नाही. त्याच तुर्कू शहरात ४३९ स्थूल व अतिभारयुक्त गर्भिणींवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रोबायोटिक वा मत्स्यतैल यांपैकी कशानेही मधुमेहाचे प्रमाण घटले नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील ४११ गर्भिणींच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. जिवाणू तेच दोन होते, तरी प्रोबायोटिक घेणाऱ्यांत १८.४ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत १२.३ टक्के स्त्रियांना मधुमेह झाला. हा फरक गणिती कसोटीवर निर्णायक नव्हता. तथापि लाभाची अपेक्षा ज्या दिशेने होती, तिच्या उलट दिशेला आकडे गेले, हे नजरेआड करता येत नाही. न्यूझीलंडमध्ये अन्य एका जिवाणूच्या परीक्षेत (२०१७) जुन्या, कठोर निकषांनी लाभ दिसला, परंतु नव्या निकषांनी तो निर्णायक ठरला नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेने सात परीक्षांतील १६४७ स्त्रियांच्या माहितीचे एकत्र परीक्षण प्रसिद्ध केले. प्रोबायोटिकांनी गर्भिणी-मधुमेह टळतो किंवा कसे, याविषयी निश्चित उत्तर मिळाले नाही. मात्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भावस्थेतील रक्तदाबवृद्धीच्या गंभीर व्याधीचा, धोका सुमारे १.८५ पट आढळला, आणि हा पुरावा परीक्षकांनी उच्च विश्वासार्हतेचा मानला. या परीक्षांतील अनेक स्त्रिया अतिभारयुक्त होत्या, हे ध्यानात घेऊनही आम्हांस असे वाटते की, ‘लाभ झाला तर झाला, अपाय तर काही नाही’ हे वाक्य आता वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

दुसरा मुद्दा जिवाणूंच्या ओळखीचा. एका जातीतील एका वाणाचे गुण दुसऱ्या वाणास लागू होत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वेष्टनावर जिवाणूचे कुल, जाती व वाण या तिन्हींचा निर्देश असावा असे सांगितले आहे. जे उत्पादन हा निर्देश करीत नाही, त्याच्या गुणांविषयी काहीही ठामपणे म्हणता येत नाही. घरच्या विरजणात तर कोणते जिवाणू आहेत हे घरोघरी बदलते. म्हणून प्रयोगातील कॅप्सूल आणि घरचे ताक यांची तुलना मुळातच सदोष आहे, मग ती कॅप्सूलची महती गाण्यासाठी असो वा ताकाची.

संहिता काय सांगतात?

आता स्वगृहाकडे वळू. ‘प्रोबायोटिक म्हणजे आपले दही-ताक’ असे म्हणणाऱ्यांनी चरकसंहितेतील प्रमेहचिकित्साध्याय पुन्हा एकवार उघडून पाहावा, अशी आमची विनंती आहे. सुखासन, अतिनिद्रा, नवान्न, गुळाचे विकार, दूध व ग्राम्य-आनूप मांस यांच्या पंक्तीत तेथे दध्याचीही प्रमेहहेतू म्हणून स्पष्ट गणना केली आहे. दही गुरू, अभिष्यंदी व कफमेदोवर्धक आहे. दही-साखरेची वाटी गर्भिणीस रोज देणे हे संहितेच्या दृष्टीने प्रमेहाचा हेतूच सेवन करविणे होय.

ताकाची गोष्ट निराळी. अर्धे पाणी घालून घुसळलेले व लोणी काढलेले ताक लघू, दीपन व ग्राही आहे. ग्रहणी व अर्श यांत त्याचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. तथापि चरकांनी सूत्रस्थानात तक्राची जी योजना सांगितली, तीत शोथ, अर्श, ग्रहणी, मूत्रग्रह, उदर, अरुची, पांडू इत्यादींची नावे आहेत, प्रमेहाचे नाव नाही. सुश्रुतांनी तर उष्णकाळी, दुर्बलास, मूर्च्छा, भ्रम व दाह असता तक्र देऊ नये असे बजावले आहे. वैशाखातील उन्हाळ्यात भ्रम व दाहाने पीडित गर्भिणीस तांब्याभर आंबट ताक पाजणे म्हणजे संहितेचे अनुसरण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. ताक हे अग्नीचे औषध आहे. अग्निमांद्य असलेल्या गर्भिणीस, ऋतू व बल पाहून, ते अवश्य द्यावे. परंतु ते शर्करेचे औषध समजून देऊ नये.

कित्येक लेखक चरकांच्या विमानस्थानातील ‘सहज’ क्रिमींचा आधार घेतात. वीस प्रकारच्या क्रिमींहून हे सहज क्रिमी वेगळे काढले आहेत आणि टीकाकारांनी ते विकारकारक नसल्याचे म्हटले आहे. हा उल्लेख खरोखर विचारप्रवर्तक आहे. शरीरात निरुपद्रवी जीव वसतात ही जाणीव त्यात दिसते. परंतु त्यावरून आंत्रस्थ जिवाणूंचे संपूर्ण शास्त्र संहितेत होते असे प्रतिपादणे म्हणजे आचार्यांच्या मुखी त्यांनी न उच्चारलेले शब्द घालणे होय. त्याने शास्त्राचा गौरव वाढत नाही. पुणे परिसरातील ग्रामीण भागात प्रकृती व आंत्रस्थ जिवाणू यांच्या संबंधाचा जो अभ्यास झाला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या दिशेने टाकलेले स्तुत्य पाऊल आहे. मात्र तो निरोगी व्यक्तींचा अभ्यास होता, गर्भिणी-मधुमेहाचा नव्हे.

याउलट, ज्या वचनाकडे आपले दुर्लक्ष होते ते शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात आहे. गर्भास उपघात करणाऱ्या भावांत, नित्य मधुर रस सेवन करणाऱ्या स्त्रीची संतती प्रमेही, मूक वा अतिस्थूल होते असे चरक सांगतात. मातेचा आहार व अपत्याचा प्रमेह यांचा हा जोडलेला धागा आजच्या वैद्यकासही मान्य होत आहे. पुण्यात १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाने, वजनाने कमी असूनही तुलनेने अधिक मेद बाळगणाऱ्या भारतीय अर्भकाचे स्वरूप जगापुढे मांडले आणि गर्भकाळातील पोषणाचे दूरगामी परिणाम अधोरेखित केले.

येथे एक शंका उपस्थित होते. मासानुमासिक गर्भिणीपरिचर्येत तर दूध, लोणी, तूप व मधुर द्रव्ये यांचाच भर आहे. मग प्रमेहग्रस्त गर्भिणीने काय करावे? आमच्या मते ही परिचर्या स्वस्थ गर्भिणीसाठी आहे. व्याधी उत्पन्न झाल्यावर व्याधीचा विचार करून तीत परिवर्तन करणे हे वैद्याचे कर्तव्यच होय. मधुर रस म्हणजे साखर नव्हे. साखरेवाचूनचे मोजके दूध, अल्प तूप व गोक्षुरसिद्ध यवागू, जी सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात सांगितली आहे, यांच्या योगे परिचर्येचा गाभा राखता येतो. यवागूचे प्रमाण मात्र जेवणाच्या हिशेबात धरावे.

जिवाणूंना खाद्य द्यावे

बाहेरून जिवाणू घालण्यापेक्षा जे आहेत त्यांना योग्य खाद्य देणे अधिक सयुक्तिक दिसते. प्रमेहात चरकांनी ज्या धान्यास अग्रस्थान दिले, तो यव म्हणजे जव, याविषयी स्वीडनमधील एक अभ्यास (२०१५) उद्बोधक आहे. निरोगी व्यक्तींना तीन दिवस जवाच्या दाण्यांचा पाव दिला असता, ज्यांच्या आंत्रात प्रीव्होटेला कुलातील जिवाणू अधिक होते त्यांचे शर्करानियमन सुधारले. धान्यप्रधान आहार घेणाऱ्या भारतीयांत हे जिवाणू विपुल आढळतात. गर्भिणींत हा लाभ सिद्ध झालेला नाही, हेही येथेच नमूद करतो. परंतु जव, अखंड ज्वारी-बाजरी, न चाळलेले पीठ, सालीसह मूग-मटकी आणि पालेभाज्या यांचा आहार कोणत्याही कसोटीवर हितकर आहे. तो स्वस्त आहे आणि त्यात प्रीएक्लॅम्प्सियाचे भय नाही.

चिकित्साव्यवहार

आमच्या चिकित्सालयात आता पुढील क्रम आम्ही पाळतो.

१. प्रत्येक गर्भिणीस, लक्षणे असोत वा नसोत, प्रथम भेटीतच ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी सांगावी. भारत सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ही तपासणी उपाशीपोटी वा जेवणानंतरही करता येते. दोन तासांनंतर १४० मिलिग्रॅम वा अधिक शर्करा म्हणजे गर्भिणी-मधुमेह. पहिली तपासणी प्राकृत आल्यास २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करावी.

२. केवळ उपाशीपोटीच्या शर्करेवर विसंबू नये. आमची चूक नेमकी येथेच झाली.

३. निदान झाल्यावर तीन मध्यम जेवणे व दोन-तीन अल्प उपाहार अशी विभागणी करावी. साखर, गूळ, फळांचे रस, साबुदाणा व मैदा वर्ज्य करावेत. जेवणानंतर, स्त्रीरोगतज्ज्ञांची हरकत नसल्यास, थोडे चालणे ठेवावे. गर्भिणीस लंघन वा शोधन देऊ नये.

४. दोन आठवड्यांच्या आहाराने जेवणानंतर दोन तासांची शर्करा १२० च्या खाली न आल्यास औषधास विलंब लावू नये व रुग्णेस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक हजार स्त्रियांच्या अभ्यासात आहार, शर्करामापन व गरजेनुसार इन्सुलिन या उपचाराने अर्भकांतील गंभीर उपद्रव ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. इन्सुलिन म्हणजे आपल्या शास्त्राचा पराभव, ही भावना मनात आणू नये.

५. कारल्याचा रस, तीक्ष्ण प्रमेहघ्न योग व भस्मयुक्त कल्प गर्भिणीस देऊ नयेत.

६. प्रोबायोटिक कॅप्सूल मधुमेह टाळण्यासाठी सुचवू नये. रुग्णा ती घेत असल्यास कारण विचारावे, स्त्रीरोगतज्ज्ञांस कळवावे आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा.

७. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करवून घ्यावी. गर्भिणी-मधुमेह झालेल्या स्त्रीस पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. सूतिकाकाळात लाडू-खिरींचा भरणा होत असताना ही तपासणी हमखास विसरली जाते. सव्वा महिन्यानंतर बाळंतीण आपल्याकडे येते, ती संधी दवडू नये.

उपसंहार

ताक श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. परंतु ज्या ठिकाणी ते श्रेष्ठ आहे, ते ठिकाण संहितेनेच नेमून दिले आहे. नव्या शोधाचे नाव ऐकताच आपल्या पोथीतील जवळचा शब्द शोधून समाधान मानणे सोपे आहे. पोथी पूर्ण वाचून तिच्यातील निषेधही मानणे अवघड आहे. त्या रुग्णेच्या वेळी आम्ही सोपा मार्ग धरला. ती आता दुसऱ्या खेपेस गर्भिणी असून याही वेळी आमच्याकडेच आली, आणि पहिल्याच भेटीत, ताकाचा विषय निघण्याआधी, आम्ही तिच्या हाती तपासणीची चिठ्ठी दिली. वाचक वैद्यांनी आपल्या पुढील गर्भिणी रुग्णेबाबत एवढे जरी केले, तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.